मुलींनी खेळावे, पण किती?

मुलींनी खेळावे की खेळू नये, हा वाद आपल्याकडे केव्हाच मिटला, असे पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ मोठ्या समाधानाने सांगत असतात. सांगलीच्या मुलीचे चित्र चौकाचौकातल्या फलकांवर झळकते, साताऱ्याच्या मुलीची मिरवणूक निघते, शाळेच्या स्नेहसंमेलनास प्रमुख पाहुणी म्हणून खेळाडू मुलीस पाचारण होते. मग आणखी काय पाहिजे? आमचे म्हणणे असे की, त्या वादाने केवळ वेष पालटला आहे. पूर्वीचा प्रश्न ‘मुलीने खेळावे काय?’ असा होता. हल्लीचा प्रश्न ‘तिने किती खेळावे?’ असा आहे. आणि ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सातारा-सांगलीच्या पांढरपेशा घरांत जवळजवळ एकमताने ठरून गेले आहे: नववीपर्यंत हौसेने, दहावी-बारावीस मुळीच नाही, आणि पुढे कॉलेजात अभ्यास सांभाळून जमेल तेवढे.

हे उत्तर दिसावयास मोठे शहाणपणाचे आहे. त्याची किंमत मात्र ते देणारांच्या पदरी पडत नाही; पंधरा ते वीस ह्या वयाच्या मुलींना ती मोजावी लागते. खेळाडूचे शरीर आणि खेळाडूची बुद्धी ज्या पाच वर्षांत घडते, नेमकी तीच पाच वर्षे आपण ‘सध्या खेळ बाजूला ठेव’ असे म्हणून तिच्याकडून काढून घेतो. आणि ती परत करण्याची वेळ येते तेव्हा ती परत करण्याजोगी राहिलेली नसतात.

उदाहरण प्रथम दूरचेच घेतो. गोल्फ हा खेळ आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील मुलींना बहुधा दूरदर्शनावरच पाहावयास मिळतो, म्हणून त्यातले उदाहरण पाहताना मत्सर किंवा अभिमान आड येण्याचे भय नाही. अमेरिकेत रोझ झँग नावाची मुलगी स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होती. तेथील सर्व विद्यापीठांची मिळून जी गोल्फची अंतिम स्पर्धा होते, तीत वैयक्तिक अजिंक्यपद तिने २०२२ साली मिळवले आणि २०२३ साली पुन्हा मिळवले. असे दोनदा करणारी ती पहिलीच स्त्री. मे २०२३ अखेर तिने धंदेवाईक खेळाडू म्हणून नाव घातले, आणि जूनच्या आरंभी, धंदेवाईक म्हणून खेळलेली पहिलीच स्पर्धा ती जिंकली. स्त्रियांच्या ह्या स्पर्धामालिकेत पदार्पणातच विजय मिळण्याचा प्रकार १९५१ सालच्या बेव्हर्ली हॅन्सननंतर घडला नव्हता. त्या दिवशी जिच्याशी तिची अखेरची जादा झुंज झाली, ती जेनिफर कपचो हीदेखील २०१८ सालची विद्यापीठ-विजेतीच होती. म्हणजे धंद्याच्या पहिल्याच दारात ज्या दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, त्या दोघींनाही तेथवर कॉलेजने आणून सोडले होते. आणखी एक गोष्ट आपल्याकडील पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी: लाखो डॉलर मिळू लागल्यावरही ह्या मुलीने शिक्षण सोडले नाही, खेळाचा हंगाम नसे तेव्हा ती परत स्टॅनफर्डला जाऊन वर्गात बसत असे.

ही काही त्या देशाच्या पाण्याची जादू नव्हे. १९७२ साली तेथे कायदा झाला की, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेस मुलगा आणि मुलगी असा भेद करता येणार नाही. खेळाच्या मैदानावरही नाही. दहा वर्षांनी, १९८२ साली, स्त्रियांच्या गोल्फची विद्यापीठीय अजिंक्यपद स्पर्धा तेथील प्रमुख क्रीडासंघटनेने सुरू केली. अलीकडे नियम बदलेपर्यंत वरच्या श्रेणीतील प्रत्येक विद्यापीठास स्त्रियांच्या गोल्फ-संघामागे पूर्ण सहा शिष्यवृत्त्या देता येत. व्यवहार सरळ आहे: मुलीने विद्यापीठासाठी खेळावे आणि अभ्यासातही ठराविक पातळीच्या खाली येऊ नये, विद्यापीठाने तिला फी, राहणे, शिक्षक, मैदान आणि वर्षभराच्या स्पर्धा द्याव्यात. चार वर्षांच्या अखेरीस ती उत्तम निघाली तर धंद्यात जाते; नाही निघाली तर पदवी हातात असतेच. स्वीडनची आनिका सोरेनस्टाम आणि मेक्सिकोची लोरेना ओचोआ ह्या दोघीही जगातील अग्रगण्य खेळाडू होण्यापूर्वी अ‍ॅरिझोना विद्यापीठाकडून खेळल्या होत्या. परदेशच्या मुलींना बोलावून, पैसा खर्चून त्यांना वाढवणारी ती कॉलेजे, आणि आपल्या गावच्या मुलीस ‘हजेरी पंचाहत्तर टक्के भरली नाही’ म्हणून परीक्षेस बसण्यास अडवणारी आपली कॉलेजे!

आता आपल्या देशातले चित्र पाहा. बंगलोरच्या अदिती अशोकने कॉलेजची वाट पाहिली नाही. २०१६ साली, अठरा वर्षे पुरी होण्याच्या आधीच ती धंदेवाईक झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकिओच्या ऑलिंपिकात ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकले, आणि त्या शनिवारी सारा देश पहाटे उठून गोल्फ पाहत बसला. (त्या पहाटेपूर्वी गोल्फचे नियम ठाऊक असलेले गृहस्थ आमच्या परिचयात दोन-तीनच होते, दुपारपर्यंत सर्वच तज्ज्ञ झाले.) त्या सामन्यांत तिची काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन तिच्यामागून चालत कोण होते? तिची आई. त्याआधी २०१६ साली रिओ येथे ते काम तिच्या वडिलांनी केले होते. त्या मातापित्यांविषयी आम्हास आदरच आहे. परंतु हे दृश्य भारतातील खेळाडू मुलीच्या साऱ्या स्थितीचे चित्रच नव्हे काय? तिचे ओझे तिच्या घरानेच वाहावयाचे. घर खंबीर असेल तर मुलगी पोहोचते. नसेल तर नाही. मधे दुसरे कोणी नाही.

सातारा-सांगलीत ज्या मुली पोहोचल्या, त्यांचा इतिहास ह्याच एका वाक्यात येतो. स्मृती मानधना हिचे वडील आणि भाऊ हे दोघेही सांगली जिल्ह्याकडून क्रिकेट खेळलेले. माधवनगरच्या त्या घरात बॅट ही परकी वस्तू नव्हती. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आली, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात. ऑक्टोबर २०१३ मध्ये बडोद्यास गुजरातविरुद्ध तिने नाबाद २२४ धावा केल्या. भारतीय स्त्रीने एका दिवसाच्या सामन्यात द्विशतक करण्याचा तो पहिलाच प्रसंग. पण तिच्या कथेतला आम्हास सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग मैदानावर घडलेला नाही. दहावीच्या सुमारास तिच्या मनात विज्ञानशाखेकडे जावयाचे होते, आणि तिच्या आईने तीस तसे करू दिले नाही, कारण मग क्रिकेटला वेळ उरला नसता. ही हकीकत तिने स्वतः सांगितलेली आहे. वाचकांनी क्षणभर थांबून आपल्या आळीतल्या घरांची मनातल्या मनात मोजदाद करावी. मुलगी ‘सायन्सला जाते’ म्हणत असता ‘नको, तू खेळ’ असे म्हणणारी आई किती घरांत सापडेल? आम्हास तर एकही घर आठवेना. त्या एका आईचा निर्णय उलटा पडता, तर २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईस विश्वचषक उचलणाऱ्या संघात सांगलीची ती सलामीची फलंदाज नसती, आणि सांगलीतल्या फलकांवर दुसऱ्याच कोणाचे तरी चित्र असते.

साताऱ्याच्या अदिती स्वामीचेही तसेच. वडील गणिताचे शिक्षक, आई ग्रामसेविका. मुलीस सराव करता यावा म्हणून शेरेवाडी गाव सोडून कुटुंब साताऱ्यास राहावयास आले. उसाच्या शेतांमधल्या मोकळ्या जागेत प्रवीण सावंत ह्या पोलीस खात्यात नोकरी करणाऱ्या शिक्षकाने तिला धनुर्विद्या शिकवली. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे, सतराव्या वर्षी, १५० पैकी १४९ गुण करून ती जगज्जेती झाली. जागतिक स्पर्धेत वैयक्तिक अजिंक्यपद मिळवणारी ती पहिलीच भारतीय धनुर्धर. तिच्यापूर्वी तो मान कोणा पुरुषासही मिळाला नव्हता. त्याच दिवशी पुरुषांत जिंकलेला नागपूरचा ओजस देवतळे हाही त्याच शेतातल्या मैदानावर शिकत होता. एका पोलिसाने उसात जे करून दाखवले, ते भव्य इमारती, ग्रंथालये आणि शतकमहोत्सव असलेल्या कोणत्या संस्थेने करून दाखवले आहे?

माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर हिची गोष्ट किंचित वेगळी, आणि तीत आपल्या समाजाची आणखी एक खोड दिसते. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे भारतीय स्त्रियांत ती पहिली आली; पुढे तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळली, २०१५ साली आशियाची अजिंक्यवीर झाली, आणि २०१६ साली रिओ येथे प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद अशी वेळ देऊन अंतिम फेरीत गेली. १९८४ साली पी. टी. उषा हिने जे केले होते, ते बत्तीस वर्षांनी ह्या दुष्काळी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीने पुन्हा केले. तिचे पोट रेल्वेच्या नोकरीवर चालले. मागाहून राज्य शासनाने तिला महसूल खात्यात अधिकारी नेमले. नोकरी सन्मानाची आहे आणि ती स्वीकारण्यात तिने काहीच गैर केले नाही. परंतु धावणारीचा सर्वांत मोठा गौरव म्हणून तीस खुर्ची द्यावी, ह्याहून वेगळे काही आपल्यास सुचत नाही, हे लक्षण कशाचे?

ह्याचे मूळ आपल्या भाषेतही सापडते. वकील-डॉक्टरास आपण ‘व्यावसायिक’ म्हणतो. नटास, गायिकेस, खेळाडूस मात्र ‘धंदेवाईक’ म्हणतो, आणि म्हणताना नाक किंचित मुरडतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले म्हणून सांगलीस नाट्यपंढरी म्हणवून घेण्यात आपल्याला केवढा अभिमान! पण त्या पंढरीत घरंदाज स्त्रीने पैसे घेऊन रंगभूमीवर उभे राहण्यास किती दशके जावी लागली? मिरजेस जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर ह्या तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक; आज त्यांचे नाव घेताना आपण कानास हात लावतो. परंतु ‘मुलीस गाणे यावे, पण तिने बैठक करू नये’ हे वाक्य त्या काळी प्रतिष्ठित घरांत किती सहजपणे उच्चारले जात असे! ‘मुलीने खेळावे, पण त्यावर पोट भरू नये’ हे त्याच वाक्याचे नातवंड आहे.

व्यायामास आपण कधीच विरोध केला नाही, हे खरे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत मुलामुलींकडून सूर्यनमस्कार घालून घेतले आणि स्वतःच्या घरातल्या स्त्रियांनाही त्यातून वगळले नाही; त्याच संस्थानातल्या किर्लोस्करवाडीहून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघू लागले. त्या काळास हे पाऊल धीटच होते. पण व्यायाम कशासाठी? आरोग्यासाठी, सुदृढ संततीसाठी, राष्ट्रासाठी. खेळ हा नेहमी दुसऱ्या कशाची तरी पायरी. आज ती पायरी तशीच आहे, फक्त वरचा मजला बदलला आहे. दहावी-बारावीस खेळाडू विद्यार्थ्यास २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळतात; शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत. हेतू उत्तम. परिणाम काय? पालक शिक्षकास विचारतात, ‘कोणत्या खेळात प्रमाणपत्र लवकर मिळते?’ बनावट क्रीडा-प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली, ती ह्याच वृत्तीची फळे होत. अमेरिकेतली मुलगी कॉलेजात जाते ती खेळ वाढवण्यासाठी. आपली मुलगी खेळते ती कॉलेजात जागा मिळावी म्हणून, आणि जागा मिळताच खेळ सोडते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत ठसठशीत असा की, हजारांत एखादी स्मृती निपजते. बाकीच्या नऊशे नव्याण्णवांचे काय? प्रश्न रास्त आहे. पण तो खेळाच्याच दारी का उभा राहतो? स्पर्धा-परीक्षांसाठी पुण्याच्या पेठांत खोल्या घेऊन वर्षानुवर्षे बसलेल्या आपल्या मुलामुलींस तो कोणी विचारतो काय? जागा काही शेकड्यांत, उमेदवार लाखांत. तरी तेथे अपयश आले तर आपण ‘पुन्हा बस’ म्हणतो, आणि मैदानावर अपयश आले तर ‘सांगितले होते ना’ म्हणतो. जुगार दोन्हीकडे सारखाच. एकास आपण अभ्यास म्हणतो, दुसऱ्यास खूळ. शिवाय, नऊशे नव्याण्णवांची खरी काळजी असेल, तर कॉलेजच्या मार्गाइतका सुरक्षित मार्ग दुसरा नाही. खेळात यश न आल्यास पदवी हाती राहावी, हीच तर त्या मार्गाची मुख्य खुबी. आपल्याकडे मुलीपुढे ‘हे किंवा ते’ एवढेच ठेवले जाते. म्हणून भित्रे घर ‘हे’ घेते आणि धाडसी घर ‘ते’ घेते, आणि कॉलेज दोघांकडेही तटस्थपणे पाहत राहते.

दुसरा आक्षेप असा की, अमेरिकेपाशी पैसा आहे, आपल्यापाशी नाही. गोल्फपुरता हा आक्षेप आम्ही तात्काळ मान्य करतो. साताऱ्यास गोल्फची मैदाने काढा असे कोणी म्हणत नाही. परंतु धनुर्विद्या, धावणे, भारोत्तोलन ह्यांस डोंगर विकत घ्यावे लागत नाहीत. सांगलीत पानपट्टी आणि चहाची टपरी चालवणाऱ्या सरगर कुटुंबातली काजोल हिने २०२२ सालच्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत भारोत्तोलनात सुवर्णपदक मिळवले, आणि त्याच वर्षी तिचा भाऊ संकेत ह्याने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत रौप्यपदक मिळवले. टपरीवाल्यास जे परवडले, ते कॉलेजास परवडत नाही, असे म्हणावयाचे काय?

आणि पैसा नसताना काय करावे, हे तर आपल्याच मुलुखाने देशास शिकवले आहे. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली; पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील ह्यांनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, दिले. खेळातही तसे एक उदाहरण आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकास जावयास निघाले तेव्हा पैसे नव्हते. ते ज्या राजाराम कॉलेजात शिकले होते, त्या कोल्हापूरच्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले; स्वतंत्र भारतातील खेळाडूस मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सारा इतिहास चाळला तरी आपल्या भागात खेळाडूचे ओझे कॉलेजने खांद्यावर घेतल्याचा इतका लखलखीत दाखला दुसरा नाही; आणि तोही संस्थेच्या अंदाजपत्रकाचा नव्हे, एका माणसाच्या घराचा. शिवाय तो मुलासाठी होता. मुलीसाठी कोणा प्रिन्सिपॉलने घर गहाण टाकल्याचे अद्याप ऐकण्यात नाही. घर गहाण टाकण्याची आज गरजही नाही. वेळापत्रक थोडे वाकवले तरी पुष्कळ आहे.

कारण मागणी अवाढव्य नाहीच. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखाली कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीनही जिल्हे आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात. पण त्या वर्षातून थोड्या दिवसांच्या जत्रेसारख्या. आठ दिवस आधी संघ गोळा करावयाचा, कपडे वाटावयाचे, हरल्यास परत यावयाचे, जिंकल्यास छायाचित्र वार्षिक अंकात छापावयाचे. ह्याऐवजी प्रत्येक कॉलेजने एक, फक्त एक खेळ मुलींसाठी आपला मानावा. त्यास बारमाही शिक्षक ठेवावा. त्या संघातल्या मुलींची फी माफ करावी. स्पर्धेमुळे बुडालेली परीक्षा महिन्याने घ्यावी, आणि ही गोष्ट उपकार म्हणून नव्हे, छापील नियम म्हणून करावी. विलिंग्डन कॉलेज १९१९ साली निघाले, साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली. इतक्या जुन्या परंपरांच्या गावांस एवढे अशक्य असू नये.

पण कॉलेजे हे आपणहून करणार नाहीत. ग्राहक जे मागतो तेच दुकानात येते, आणि इथे ग्राहक म्हणजे आपण. २०२२ च्या ऑक्टोबरात क्रिकेट मंडळाने स्त्रियांना पुरुषांइतकेच सामन्याचे मानधन ठरवले, कसोटीस पंधरा लाख; २०२३ साली स्त्रियांच्या लीगच्या पहिल्या लिलावात मानधनास ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. त्या आठवड्यात क्रिकेटच्या शिकवणीची चौकशी करणारे पालक एकाएकी पुष्कळ निघाले. पैसा दिसताच धंदा पवित्र झाला! तिरंदाजीत, धावण्यात, वजन उचलण्यात तेवढा पैसा दिसत नाही, तेव्हा तेथे अजून ‘अभ्यास सांभाळून’ हाच मंत्र चालू आहे.

जूनमध्ये मुलीचे नाव कॉलेजात घालताना जी पावती मिळते, तीवर जिमखान्याच्या नावाने एक रक्कम बहुधा असते, आणि ती आपण न वाचता भरतो. ह्या जूनमध्ये ती वाचावी, आणि खिडकीतल्या कारकुनाकडे न पाहता सरळ प्रिन्सिपॉलच्या खोलीत जाऊन विचारावे: गेल्या वर्षी ह्या पैशांतून मुलींसाठी शिक्षक किती दिवस मैदानावर होता?